ना दगड, ना फूल!

मालेगावच्या किराणा बाजारात कुणी ‘दगडफूल’ मागते, कुणी ‘पत्थर के फूल’. दुकानदार दोघांनाही एकाच डब्यातून चुरगळलेल्या कागदासारखे काळे-करडे तुकडे काढून देतो. खानदेशी काळ्या मसाल्यात ते पडतात आणि बिर्याणीतही. मात्र या दोन्ही नावांनी मिळून जितके गैरसमज पसरवले आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या मसाल्याच्या वाट्याला आले असतील.

गैरसमज : दगडफूल हे वाळलेले फूल किंवा शेवाळ आहे.

वस्तुस्थिती : ते शैवाक आहे. इंग्रजी नाव लायकेन. यात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. शैवाल उन्हात अन्न तयार करते. बुरशी घर बांधते, ओलावा धरते. हा दुहेरी संसार स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात मांडला, तेव्हा अनेक जाणकारांनी त्यांना वेड्यात काढले होते. फुलाशी याचा काही संबंध नाही. पाकळी नाही, परागही नाहीत.

गैरसमज : ते दगडावरच उगवते.

वस्तुस्थिती : बाजारातले बरेचसे दगडफूल झाडांच्या सालीवरून खरवडून आणलेले असते. कुमाऊं-गढवालच्या थंड, दमट जंगलांत बांज ओकच्या फांद्यांवर ते भरपूर येते. दगडावर येणाऱ्या जाती आहेतच, पण शैवाकाला साल, माती, कौल, जुना चुना यांपैकी काहीही चालते. अट एकच : जागा वर्षानुवर्षे कुणी हलवता कामा नये. कारण त्याची वाढ अतिशय संथ असते. कित्येक जाती वर्षाला एखादा मिलिमीटरच पसरतात.

मग मालेगावात दगडफूल का उगवत नाही? इथले ऊन आणि कोरडी हवा मोठ्या पानांसारख्या जातींना मानवत नाही. अशा हवेत टिकतात त्या दगडाला पापडीसारख्या घट्ट चिकटणाऱ्या जाती. नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधलेल्या इथल्या भुईकोट किल्ल्यासारख्या जुन्या काळ्या दगडी बांधकामांवर असे डाग शोधावेत. डाग चुन्याचा की शैवाकाचा, हे कळायला पाण्याचा एक थेंब पुरतो. शैवाक ओले झाले की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतले शैवाल दिसून डाग बहुधा हिरवट होतो. चुना हिरवा होत नाही.

गैरसमज : झाडावर शैवाक आले म्हणजे झाडाला रोग लागला.

वस्तुस्थिती : त्याला मुळे नसतात, तंतूंनी ते सालीला नुसते धरून असते आणि झाडाचा रस शोषत नाही. वठलेल्या फांदीवर ते जास्त दिसते, कारण तिथे पाने नसल्याने ऊन मिळते. दगडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. काही जाती ऑक्झॅलिक आम्ल सोडून दगडाचा पृष्ठभाग हळूहळू झिजवतात. तरीही तारेच्या ब्रशने घासणे हा उपाय नव्हे. त्याने शैवाकाबरोबर दगडाचा थरही निघतो.

गैरसमज : शैवाक दिसले, म्हणजे हवा शुद्ध.

वस्तुस्थिती : कोणती जात दिसली, यावर ते ठरते. पॅरिसच्या बागांतील आणि शहरातील शैवाकांची तुलना करून शास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच हवेशी त्यांचे नाते दाखवले. झुडपासारख्या जाती गंधकाच्या धुराने लवकर मरतात; पण ‘पिक्सीन कोकोज’सारखी जात रहदारीच्या शहरातही तग धरते.

गैरसमज : डब्यातले सगळे दगडफूल एकाच जातीचे.

वस्तुस्थिती : बाजारात अनेक जाती मिसळलेल्या असतात. मुख्य नाव ‘पार्मोट्रेमा पर्लेटम’चे : वरून राखाडी, खालून काळे, कडांना पिठासारखी भुकटी. त्याचा भाऊबंद ‘पार्मोट्रेमा टिंक्टोरम’ वरून बारीक दाण्यांनी खरखरीत लागतो. शंका असेल तर तुकड्याचा वरचा थर ब्लेडने खरवडावा आणि आतल्या पांढऱ्या गरावर कपडे धुण्याच्या ब्लीचचा थेंब टाकावा. टिंक्टोरम लालभडक होते, पर्लेटम पांढरेच राहते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्यासारख्या शैवाकांच्या संग्रहांतही अशा रासायनिक चाचण्यांनी जाती ठरवल्या जातात. चाचणीचा तुकडा मात्र मसाल्यात न टाकता कचऱ्यात टाकावा.