वीज : देणं थोडं, भय मोठं

मृगाच्या आधी आमच्या ढाणकीच्या आभाळात विजा कडाडू लागल्या की म्हातारी माणसं म्हणत, "कडाडू द्या, पीक हिरवंगार येईल." लहानपणी मला ही नुसती समजूत वाटे. पुढे कळलं की तिच्यात शास्त्र आहे. मात्र आपण मानतो तेवढं नाही.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे. पिकाला तो लागतो, पण हवेतून सरळ घेता येत नाही; कारण त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट मिठी मारून असतात. विजेच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे 30,000 अंश सेल्सिअस तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! त्या आचेत ही मिठी सुटते. नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो, पावसात विरघळतो आणि नायट्रेट होऊन मातीत उतरतो.

आता हिशेब पाहा. पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी 44 विजा चमकतात. त्या साऱ्या मिळून वर्षाला साधारण 50 लाख टन नायट्रोजन मोकळा करतात, असा अंदाज आहे. आकडा मोठा दिसतो. पण साऱ्या पृथ्वीवर वाटला तर एकरी अर्धा किलोही पडत नाही. आपल्या तुरीच्या आणि सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू याहून कितीतरी जास्त नायट्रोजन गुपचूप जमवतात. गाजावाजा विजेचा, काम गाठींचं.

झाडाचं काय होतं? आमच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबावर एकदा वीज पडली. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सालीची पट्टीच उडाली. झाडातल्या रसाची क्षणात वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर पडते. असं झाड कधी वाळतं, कधी जखम भरून जगतं. वाळलं तरी त्याच्या ढोलीत घुबड, पोपट, मधमाश्या घर करतात. आपल्याकडे जंगलात वणवे पेटतात, त्याचा दोष मात्र विजेला देऊ नये. पैनगंगेकाठच्या सागवानी रानात उन्हाळी पाचोळा पेटतो तो बहुधा माणसाच्या हातून. वीज येते ती बहुतेक वेळा पाऊस घेऊनच.

खरं भय वेगळं आहे. पाऊस आला की निंदणाऱ्या बाया आणि गुराखी झाडाखाली धावतात. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत पसरते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून प्रवाह एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायात जातो. एकाच झाडाखाली चार-पाच ढोरं पडतात ती यामुळे.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. झाड सोडा, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर जवळच्या विजेची सूचना देतं. घरात एकाच्या फोनवर तरी ते असावं.

कुराणातल्या एका सुरेचं नावच 'रअद', म्हणजे मेघगर्जना. तिथं विजेसोबत भीती आणि आशा दोन्ही येतात. आमचे म्हातारे आशेचं बोलले. शेतात माणसं असताना भीतीचंही बोलायला हवं. पीक एका वर्षी बुडालं तर पुन्हा पेरता येतं. निंदायला गेलेली माय परत यायला हवी.