दुसऱ्यांदा बायपास

२४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची बायपास झाली. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाचे प्रमुख डॉ. रमाकांत पांडा मुंबईहून, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटमधून गेले होते. पंतप्रधानांचे वय तेव्हा ७६. त्यांची एक बायपास १९९० सालीच ब्रिटनमध्ये झालेली होती. दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला ते येऊ शकले नाहीत; मात्र मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि पाच वर्षे कारभार पाहिला. २०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हे मुद्दाम सांगतो आहे. अंधेरी-बोरिवलीत काय किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये काय, बायपास झालेला माणूस नात्यागोत्यात सापडतोच. दहा-पंधरा वर्षांनी त्याच्या छातीत पुन्हा दुखू लागले, की घरचे हबकतात. ‘एकदा छाती उघडली आहे, आता परत कशी उघडणार?’ उघडता येते. पण काम पहिल्यापेक्षा अवघड असते आणि धोकाही जास्त असतो.

मुळात पहिली बायपास निकामी का होते? १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून हृदयाला जोडण्याची पद्धत रुळवली. पायातल्या शिरेला रक्ताचा कमी दाब सोसायची सवय असते. हृदयावर तिला धमनीचा दाब झेलावा लागतो. तिचे अस्तर जाड होत जाते, त्यात चरबी साचते. दहा वर्षांत अशा शिरांपैकी जवळपास निम्म्या बंद पडतात किंवा खराब होतात. छातीच्या आतल्या बाजूने उतरणारी डावी स्तनधमनी मात्र चिवट. दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ चालू असतात. त्यात सिगारेट चालूच राहिली, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल मोकाट राहिले, तर मूळच्या रक्तवाहिन्यांतही नवे ब्लॉकेज तयार होतात.

दुसऱ्या वेळची खरी कसोटी छाती उघडतानाच लागते. पहिल्या ऑपरेशननंतर आत जखमेचे चिकट पापुद्रे धरलेले असतात. हृदयाचा उजवा कप्पा कधी थेट छातीच्या हाडाला चिकटलेला असतो, तर कधी चालू असलेली जुनी धमनी नेमकी त्या हाडामागून गेलेली असते. करवत जरा खोल गेली तर भळाभळा रक्त. म्हणून आधी सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांत किती अंतर आहे ते पाहतात. गरज वाटली तर जांघेतल्या रक्तवाहिन्या आधीच मोकळ्या करून ठेवतात, म्हणजे हार्ट-लंग मशीन ऐनवेळी लगेच जोडता येते. रक्ताच्या बाटल्या तयार असतात. हाड हळूहळू कापायचे, मग हृदय भोवतालापासून बोटा-बोटाने सोडवायचे. कित्येक तास यातच जातात.

आणि हे सगळे टाळता येईल का, हेही आधी पाहिले जाते. ब्लॉकेज सोयीच्या जागी असेल तर अँजिओप्लास्टी करून भागते. हृदयाची झडप बदललेल्यांच्या बाबतीतही तसेच. प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेली झडप साधारण दहा-पंधरा वर्षांनी झिजते. ती बसवलेल्या काही रुग्णांना आता जांघेतून नळी घालून जुन्या झडपेच्या आतच नवी बसवता येते, छाती उघडावी लागत नाही.

माझे कळकळीचे सांगणे वेगळेच आहे. दुसऱ्या ऑपरेशनची तयारी पहिल्याच वेळी सुरू होते. डिस्चार्जच्या वेळी बिल आणि औषधांची चिठ्ठी घेतो, तशी ऑपरेशन नोटची प्रतही मागून घ्या. कोणत्या रक्तवाहिन्या वापरल्या आणि त्या कुठे जोडल्या, हे त्यातच असते. जुन्या अँजिओग्राफीची सीडी घर बदलताना भंगारात जाऊ देऊ नका.

एक गोष्ट तर फारच कमी घरांना ठाऊक असते. पायातल्या शिरा संपल्या असतील, तर सर्जन मनगटापासून कोपरापर्यंतची धमनी काढून वापरतात. आजकाल अँजिओग्राफी त्याच मनगटातून होते आणि नळी गेलेल्या धमनीचे अस्तर दुखावलेले असू शकते. तशी धमनी सर्जन शक्यतो घेत नाहीत. पुन्हा बायपास लागेल अशी शंका असेल, तर अँजिओग्राफी कोणत्या हातातून करायची किंवा जांघेतून करायची का, हे डॉक्टरांना आधी विचारा. पूर्वी कोणत्या हातातून झाली होती, तेही फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.