नवजात अर्भकातील जंतुरक्तता

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या अर्भकाच्या रक्तप्रवाहात रोगकारक सूक्ष्मजंतू शिरून त्यांची वाढ होऊ लागली व त्यामुळे सर्व शरीरभर गंभीर परिणाम दिसू लागले, म्हणजे त्या विकृतीला नवजात जंतुरक्तता असे म्हणतात. संसर्ग रक्तापुरता मर्यादित न राहता फुप्फुसे व मस्तिष्कावरणे (मेंदूवरील आवरणे) यांतही पसरू शकतो. उपचारांस विलंब झाल्यास काही तासांतच मृत्यू ओढवण्याचा संभव असतो. प्रौढ व्यक्तीत अशा संसर्गाची सूचना थंडी वाजून येणाऱ्या तीव्र ज्वराने मिळते. नवजात अर्भकात मात्र ती पुष्कळदा ज्वराशिवाय, अंगावर पिणे मंदावणे एवढ्याच स्वरूपात मिळते. त्यामुळे या रोगाविषयी घरातील माणसांना असलेल्या माहितीला चिकित्सेइतकेच महत्त्व आहे.

संवेद्यतेची कारणे : गर्भावस्थेत अर्भकाचा सूक्ष्मजंतूंशी सहसा संबंध येत नाही. रोगकारकांना विरोध करणारी जी प्रतिपिंडे (विशिष्ट प्रथिने) वारेतून मातेकडून मिळतात, त्यांपैकी बरीचशी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत येतात. म्हणून ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल या संरक्षणास अंशतः मुकते. काही प्रतिपिंडांचे रेणू आकाराने मोठे असल्यामुळे ती वारेतून पार होतच नाहीत. आंत्रातील (आतड्यातील) सूक्ष्मजंतूंविरुद्ध अर्भक दुबळे असण्याचे हे एक कारण होय. शिवाय अस्थिमज्जेतील श्वेत कोशिकांचा साठा अल्प असून संसर्गात तो लवकर संपतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाची त्वचा पातळ असते आणि नाळेचा ओला देठ हा जंतूंना प्रवेशद्वारच ठरतो. जन्मतः वजन २,५०० ग्रॅ.पेक्षा कमी असलेल्या अर्भकांत धोका वाढतो व १,५०० ग्रॅ.पेक्षा कमी असल्यास तो फारच अधिक असतो.

प्रकार व सूक्ष्मजंतू : रोगारंभाच्या वेळेनुसार दोन प्रकार मानतात. जन्मानंतर ७२ तासांच्या आत उद्भवणाऱ्या पूर्वारंभी प्रकारात संसर्ग बहुधा मातेच्या जननमार्गातून होतो. पाणमोट फुटल्यानंतर १८ तासांहून अधिक काळ प्रसूती न होणे, मातेस प्रसूतिसमयी ज्वर असणे व गर्भजलास दुर्गंधी येणे या गोष्टी धोक्याच्या समजतात. त्यानंतर उद्भवणाऱ्या उत्तरारंभी प्रकारात जंतू प्रायः हाताळणाऱ्यांचे हात, उपकरणे, नीलेतील नळ्या, दुधाची बाटली अथवा नाळ यांच्याद्वारे येतात.

अमेरिका व यूरोपात १९७० नंतर गट ब स्ट्रेप्टोकॉकस हा साखळीसारखी मांडणी असलेला गोलाणू पूर्वारंभी प्रकाराचे प्रमुख कारण म्हणून पुढे आला. भारतातील चित्र निराळे आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११–१४ या काळात झालेल्या पाहणीत ग्रॅम-ऋण सूक्ष्मजंतूंचे (ग्रॅम अभिरंजनात जांभळा रंग टिकवून न धरणाऱ्या जंतूंचे) प्राबल्य आढळले. त्यांत ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व एश्चेरिकिया कोलाय हे प्रमुख होते. एकूण रुग्णांपैकी सु. दोन-तृतीयांश अर्भकांत रोग पहिल्या ७२ तासांतच सुरू झाला होता. ज्यांच्या रक्तात जंतू सिद्ध झाले, त्यांपैकी जवळजवळ निम्मी अर्भके दगावली. यांतील पुष्कळसे जंतू अनेक प्रतिजैव औषधांना दाद देत नव्हते.

लक्षणे : अर्भक अंगावर पिणे कमी करते किंवा सोडून देते, मलूल पडते, त्याचे रडणे क्षीण होते. शरीराचे तापमान वाढण्याऐवजी ते ३५.५° से.पेक्षाही खाली जाऊ शकते. हातपाय गार पडणे हे ज्वराइतकेच चिंताजनक समजावे. श्वसनाचा वेग मिनिटास ६० किंवा त्याहून अधिक होणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, कण्हणे, श्वास मध्येच थांबणे, पोट फुगणे, वारंवार उलट्या, त्वचेवर पांढरट-निळसर छटा उमटणे, पहिल्या चोवीस तासांत दिसणारी अथवा झपाट्याने वाढणारी कावीळ, नाळेभोवती लाली व पू ही इतर लक्षणे होत. आकडी येणे व टाळू फुगणे ही लक्षणे मस्तिष्कावरणशोथाची (मेंदूवरील आवरणांच्या दाहयुक्त सुजेची) शंका उत्पन्न करतात. यांपैकी कोणतेही एक लक्षण या रोगाचे निश्चित गमक नसते. परंतु कालपर्यंत नीट पिणारे मूल आज पीत नाही, ही मातेची तक्रार वैद्याने कधीही क्षुल्लक मानू नये.

निदान : रक्ताचे संवर्धन (पोषक माध्यमात जंतूंची वाढ करणे) ही निर्णायक परीक्षा होय. प्रतिजैव औषध सुरू करण्यापूर्वी किमान १ मिलि. रक्त निर्जंतुक रीतीने घेणे आवश्यक असते. तीन किग्रॅ. वजनाच्या अर्भकाच्या शरीरात सु. २५० मिलि. रक्त असते, हे ध्यानात घेतल्यास परीक्षांची संख्या मर्यादित का ठेवावी लागते हे समजते. श्वेत कोशिकांची गणना व सी-प्रतिक्रियाशील प्रथिनाचे मापन यांचे साहाय्य होते. मस्तिष्कावरणशोथाची शंका असल्यास कटिवेध करून मस्तिष्कमेरुद्रव तपासतात. संवर्धनाचा निष्कर्ष हाती येण्यास एक-दोन दिवस लागत असल्यामुळे चिकित्सा त्यासाठी थांबवीत नाहीत.

चिकित्सा : सामान्यतः अँपिसिलीन व जेंटामायसीन ही औषधे एकत्र देऊन प्रारंभ करतात आणि संवर्धनानंतर जंतूंच्या संवेदनशीलतेनुसार त्यांत बदल करतात. उपचार बहुधा ७ ते १४ दिवस व मस्तिष्कावरणशोथात तीन आठवड्यांपर्यंत चालू ठेवावे लागतात. संवर्धनात जंतू आढळले नाहीत व अर्भकाची प्रकृतीही चांगली असली, तर औषधे लवकर थांबवितात. अनावश्यक वापरामुळे जंतूंची औषधरोधकता वाढते. मात्रा वजनानुसार व वयानुसार काटेकोरपणे ठरवावी लागते. पूर्वी वापरात असलेल्या क्लोरँफेनिकॉलाचे अर्भकाच्या अपक्व यकृताकडून पुरेसे विघटन होत नाही व त्यामुळे अर्भक करडे पडून दगावते, हे १९५९ मध्ये उघड झाले. ऊब, ऑक्सिजन, रक्तातील शर्करेचे नियमन व मातेचे दूध यांची जोड औषधांना द्यावी लागते.

गडचिरोलीचा प्रयोग : जेथे रुग्णालय दूर आहे तेथे काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत १९९५ पासून नवजात अर्भकांची घरी जाऊन काळजी घेण्याची योजना राबविली. गावातीलच थोडे शिक्षण झालेल्या स्त्रियांना अर्भकाचे वजन घेणे, श्वास मोजणे व ठरावीक लक्षणे ओळखणे शिकविण्यात आले. जंतुरक्ततेची लक्षणे दिसताच त्या रुग्णालयात जाण्याचा सल्ला देत; ते शक्य नसल्यास पालकांच्या संमतीने जेंटामायसीनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) व तोंडाने को-ट्रायमोक्साझोल देत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रोगाने आजारी पडलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युमान तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींद्वारे नवजात अर्भकांची घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू केला.

प्रतिबंध : गट ब स्ट्रेप्टोकॉकसाच्या वाहक मातांना प्रसूतीच्या वेळी पेनिसिलीन देण्याच्या पद्धतीमुळे अमेरिकेत त्या जंतूच्या पूर्वारंभी रोगाचे प्रमाण १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांतील दर हजार जन्मांमागे सु. १.७ वरून ०.३ च्या खाली आले. इतर उपाय साधे आहेत. प्रसूती स्वच्छ जागी, धुतलेल्या हातांनी व निर्जंतुक पात्याने नाळ कापून व्हावी. नाळ कोरडी व उघडी ठेवावी. तिला राख, हळद, शेण वा तेल लावू नये. जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजावे. पहिले पिवळसर दूध (चीक) पिळून टाकण्याची रूढी घातक आहे, कारण त्यात संरक्षक प्रतिपिंडे विपुल असतात. मध, गुळाचे पाणी किंवा गुटी देऊ नये. कमी वजनाच्या मुलास मातेच्या छातीशी उघड्या त्वचेला लागून ठेवावे. अर्भकास स्पर्श करण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. अतिदक्षता विभागातही याला पर्याय नाही. मूल पिईनासे झाल्यास सकाळची वाट न पाहता त्याच रात्री ते रुग्णालयात न्यावे.