पाणवेलींचे मूळ नत्रात

नाशिक शहरातून पुढे वाहणारी गोदावरी पाणवेलींनी झाकली गेली, की यंत्रे आणि मजूर लावून त्या उपटण्याचे काम सुरू होते. काही आठवड्यांत तेच हिरवे आच्छादन पुन्हा पसरते. शहरात मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे असतानाही असे का व्हावे? संथ झालेला प्रवाह आणि पाण्यातील स्फुरद ही कारणे आहेतच. पण उत्तराचा मोठा भाग नत्राच्या, म्हणजेच नायट्रोजनच्या प्रवासात दडलेला आहे.

घरगुती सांडपाण्यात नत्र मुख्यतः दोन रूपांत असते. मूत्रातील युरिया, विष्ठेतील व खरकट्यातील प्रथिने, अमिनो आम्ले हे सेंद्रिय नत्र. युरियाचे गटारांतून वाहतानाच विघटन होऊन तयार होणारा अमोनिया हे दुसरे रूप. केंद्राच्या तोंडाशी आलेल्या पाण्यात एकूण नत्र साधारणपणे लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यातील सुमारे ४० टक्के सेंद्रिय असते. या दोहोंची एकत्रित मोजणी आजही जिच्या आधारे होते, ती पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाने १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधली. बिअरसाठीच्या धान्यातील प्रथिने मोजणे हा तिचा मूळ हेतू होता; मैलापाण्याच्या कामी ती पुढे आली.

सेंद्रिय नत्राचे अमोनियात रूपांतर करणे जीवाणूंना सोपे जाते. त्यासाठी हवाही लागत नाही. नाशिकच्या दृष्टीने नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची आहे. तपोवन आणि आगरटाकळी येथील केंद्रे ज्या 'यूएएसबी' तंत्रावर उभारली गेली, त्यात मैलापाणी टाकीच्या तळाकडून वर चढते आणि हवेविना जगणाऱ्या जीवाणूंच्या गाळाच्या थरातून जाते. विजेचा खर्च कमी, वर मिथेन वायूही मिळतो. त्या काळी ही निवड शहाणपणाचीच होती. मात्र या टाकीत कार्बनयुक्त घाण कमी होते, नत्र जवळजवळ तेवढेच राहते. सेंद्रिय नत्र फुटून अमोनिया होतो आणि टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया आत येताना होता त्याहून अधिक असू शकतो. 'बीओडी'चा आकडा सुधारलेला दिसतो, पण पाणवेलींचे खाद्य शाबूत राहते.

अमोनिया घालवण्यासाठी पुढे भरपूर हवा देणारा टप्पा लागतो. तेथे जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू खर्च होतो आणि पाण्यातील ७.१४ ग्रॅम क्षारताही संपते. क्षारता संपली की सामू घसरतो व काम थंडावते. हे जीवाणू सावकाश वाढणारे आहेत. गाळ लवकर काढून टाकला तर तेही त्याबरोबर वाहून जातात. नाशिकच्या हिवाळ्यात त्यांचा वेग आणखी मंदावतो, म्हणून थंडीत गाळ टाकीत अधिक दिवस राखावा लागतो.

एवढ्यानेही काम संपत नाही, कारण नायट्रेटही वनस्पतींचे खतच आहे. हवा बंद ठेवलेल्या टाकीत जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने हवेत निघून जाते. त्यासाठी त्यांना कार्बनचे अन्न लागते. यूएएसबी टाकीने ते आधीच संपवलेले असते! त्यामुळे जुन्या टाक्यांना नुसता हवेचा टप्पा जोडून भागत नाही. कच्च्या मैलापाण्याचा काही हिस्सा त्या टाकीला वळसा घालून थेट या टप्प्यात आणावा लागतो. त्यात फायदाही आहे. खर्च झालेल्या क्षारतेपैकी निम्मी येथे परत मिळते.

शेवटी जे सेंद्रिय नत्र उरते, त्यातील बराच भाग निथळताना सुटून गेलेल्या गाळाच्या कणांत असतो. जीवाणूंच्या कोरड्या वजनात सुमारे १२ टक्के नत्र असते. म्हणजे लिटरमागे असे २० मिलिग्रॅम कण निसटले, तर दोन मिलिग्रॅमहून अधिक सेंद्रिय नत्र नदीत जाते. यावर उपाय निथळण टाकी नीट चालवण्याचा किंवा अखेरीस गाळणीचा. एक-दोन मिलिग्रॅम विरघळलेले सेंद्रिय नत्र मात्र जीवाणूंना सहसा पचतच नाही. गाळ पिळून निघणारे पाणीही विसरता येत नाही. ते अमोनियाने गच्च भरलेले असते आणि पुन्हा केंद्राच्या तोंडाशीच सोडले जाते.

अंघोळीला उतरणाऱ्यांशी या साऱ्याचा थेट संबंध क्लोरिनमुळे येतो. अमोनिया क्लोरिनला बांधून टाकतो. तो संपवून मुक्त क्लोरिन मिळवायचा तर नत्राच्या आठ ते दहा पट क्लोरिन ओतावा लागतो. सेंद्रिय नत्राशी झालेली संयुगे तर चाचणीत 'शिल्लक क्लोरिन' म्हणून दिसतात, पण जंतू मारण्यात दुबळी ठरतात.

नियमांचा इतिहास बोलका आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या मसुद्यात एकूण नत्रासाठी लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा होती. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेतून ती गळाली. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने महानगरांसाठी तीच मर्यादा पुन्हा आणण्याचा आदेश दिला. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकच्या केंद्रांच्या आधुनिकीकरणाचा आराखडा आखला गेला आहे. त्यानंतर केंद्रातून सुटणारे पाणी केवळ बीओडीवर तपासले गेले, तर नत्र सुटले की राहिले हे कळणार नाही. सेंद्रिय नत्र, अमोनिया आणि नायट्रेट यांची वेगवेगळी नोंद आत येताना व बाहेर पडताना घ्यावी लागेल. नदीत गेलेले नत्र खाली नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयाकडे वाहते, आणि ती पाणथळ जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे.