पंप बंद का झाला नाही? मॉस्फेटची ओळख



ठिबकातून विद्राव्य खत देण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. काही सभासदांच्या शिकलेल्या मुलांनी खताच्या टाकीला १२ व्होल्टचा लहान पंप जोडून तो आपोआप चालू-बंद होईल अशी जुळणी घरीच केली आहे. कौतुकाचीच गोष्ट. पण मागच्या हंगामात अशाच एका प्लॉटवरून आम्हांला बोलावणे आले. अर्ध्या तासाने थांबायचा पंप रात्रभर थांबलाच नव्हता. सकाळी टाकी कोरडी ठणठणीत, आणि चार हप्त्यांचा युरिया एका रात्रीत मुळांच्या खाली निघून गेलेला. डबा उघडला, तर आत मॉस्फेट जळालेला.

मॉस्फेट म्हणजे पाटाचे दारच समजा. त्याला तीन पाय : गेट, ड्रेन आणि सोर्स. पंपाचा सगळा प्रवाह ड्रेनकडून सोर्सकडे जातो. गेटवर पुरेसा दाब, म्हणजे व्होल्टेज, मिळाला की दार उघडते. काढला की मिटते. डब्यातल्या नाजूक सर्किटला पंपाचे ५ अँपिअर पेलत नाहीत. ते फक्त दाराला खूण करते.

आता गोम इथेच आहे. पाटाचे दार अर्धवट उघडले की पाणी तिथेच आदळते आणि माती खचते. मॉस्फेटचेही तसेच. बाजारात सहज मिळणारा आयआरएफझेड ४४ एन पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. तेव्हा त्याचा अडथळा जास्तीत जास्त ०.०१७५ ओहम असतो. ५ अँपिअरला उष्णता होते ५ × ५ × ०.०१७५, म्हणजे अर्ध्या वॅटच्याही आत. पण त्या डब्यातले सर्किट गेटला ३.३ व्होल्टच देत होते. दार अर्धवट उघडे. अशा वेळी मॉस्फेटवर नुसते ३ व्होल्ट जरी अडले, तरी ५ अँपिअरला १५ वॅट उष्णता होते. ॲल्युमिनियमच्या पट्टीशिवाय ती त्याला सोसत नाही. पाकिटावर ४९ अँपिअर छापलेले असतात, पण तो आकडा मॉस्फेटचे अंग २५ अंशांवर थंड राखले तरचा आहे, आपल्या उन्हातल्या बंद डब्यातला नव्हे.

आणि मुख्य गोष्ट : जळालेला मॉस्फेट बहुतेक वेळा दार उघडे ठेवूनच जळतो. म्हणून पंप थांबला नाही.

तेव्हा अशी जुळणी करताना एवढे पाहावे :

१) सर्किट ५ व्होल्टचे असेल तर आयआरएलझेड ४४ एन घ्यावा. फरक एकाच अक्षराचा, पण हा ५ व्होल्टलाही नीट उघडतो. सर्किट ३.३ व्होल्टचे असेल तर तेवढ्यावर पूर्ण उघडणाराच मॉस्फेट दुकानदाराकडून खात्री करून घ्यावा.

२) मोटर ही गुंडाळी आहे. प्रवाह एकदम तोडला की ती उलटा धक्का देते. त्यासाठी मोटरीच्या दोन टोकांवर डायोड लावावा. त्याची पट्ट्याची बाजू अधिक टोकाला.

३) गेट आणि सोर्समध्ये १० हजार ओहमचा रेझिस्टर टाकावा. खुणेची वायर तुटली तरी दार मिटलेले राहते.

४) मोटर सुरू होताना कितीतरी पट प्रवाह ओढते. मॉस्फेट त्या हिशेबाने मोठा घ्यावा, पट्टी लावावी, आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवावा.

५) फ्यूज आग टाळतो, पण चालू राहिलेला पंप थांबवत नाही. म्हणून टाकीत एका वेळच्या हप्त्यापुरतेच खत कालवावे. हा उपाय बिनखर्ची, आणि सगळ्यांत खात्रीचा.

ही माहिती बॅटरीवरच्या पंपापुरती आहे. विहिरीच्या थ्री फेज मोटरीला स्टार्टरच हवा, आणि ते काम वायरमनचे. तिथे घरचा प्रयोग नको.

नवी जुळणी केली की पहिले दोन हप्ते समोर उभे राहून द्यावेत आणि पाच-दहा मिनिटांनी पट्टीला बोट लावून पाहावे. बोट टिकत नसेल तर पंप लगेच बंद करावा. काही अडले तर आपल्या गट ऑफिसला कळवावे, आम्ही प्लॉटवर येऊ.

— ऊस विकास अधिकारी