माध्यम-साठवण सर्व्हरची निवृत्ती

माध्यम-साठवण सर्व्हरची निवृत्ती म्हणजे छायाचित्रे, ध्वनिफिती, चित्रफिती यांच्या संचिका साठवणारा आणि आता गरज न उरलेला सर्व्हर, एकही संचिका न गमावता वापरातून कायमचा काढून घेण्याची प्रक्रिया होय. यंत्र बंद करणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग. ते खरोखर रिकामे झाले आहे, याची खात्री करून घेणे हेच मुख्य काम असते.

२०१९ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाने सर्व्हर बदलताना जुन्या संचिका नष्ट झाल्याचे मान्य केले. २००३ ते २०१५ या काळातील सुमारे पाच कोटी गाणी त्यात गेल्याचे वृत्त होते.

रिकामे करणे

मराठी विकिपीडियाच्या लेखांत दिसणारी बहुतेक चित्रे विकिमीडिया कॉमन्सवरून येतात व ती ‘ओपनस्टॅक स्विफ्ट’ या मुक्त प्रणालीत साठवलेली असतात. स्विफ्टमध्ये सामान्यतः प्रत्येक संचिकेच्या तीन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवतात. कोणती प्रत कोठे, हे ‘रिंग’ नावाचा तक्ता ठरवतो. त्यात प्रत्येक डिस्कला ‘वजन’ दिलेले असते आणि वजनाच्या प्रमाणात तिच्याकडे संचिका येतात.

तीन प्रती आहेत, मग एक यंत्र सरळ बंद केले तर काय बिघडले, हा युक्तिवाद फसवा आहे. जादा प्रती अचानक येणाऱ्या बिघाडासाठी राखलेल्या असतात. ठरवून केलेल्या कामात ती शिल्लक खर्ची घातली आणि त्याच वेळी दुसरी डिस्क बिघडली, तर हाती एकच प्रत उरते. म्हणून निवृत्त होणाऱ्या डिस्कचे वजन टप्प्याटप्प्याने शून्यावर आणतात व दर टप्प्याला नवी रिंग सर्व यंत्रांना पाठवतात. संचिका इतरत्र पोहोचल्याची खात्री झाल्यावरच जुने यंत्र आपली प्रत पुसते. एका गटाची एक प्रत हलवल्यावर ठरावीक तास त्याच गटाची दुसरी प्रत हलवली जात नाही. घाई केल्यास जाळ्यावर ताण येऊन वाचकांना चित्रे उशिरा दिसतात.

एवढे होऊनही डिस्कवर काही संचिका उरतात. सदोष आढळल्यामुळे बाजूला काढलेल्या संचिका त्यांत असू शकतात. त्या तशाच पुसू नयेत. प्रत्येकीची चांगली प्रत अन्यत्र असल्याचे आधी तपासावे. त्यानंतरच यंत्राचे नाव रिंगमधून आणि देखरेखीच्या यादीतून वगळतात.

डिस्क पुसणे

चित्रे सार्वजनिकच होती, मग लपवायचे काय, असे वाटू शकते. परंतु डिस्कवर वगळलेली चित्रे, संकेतशब्द व कूटकिल्ल्यांचे अवशेषही असतात आणि संचिका काढून टाकल्याने तिच्यातील मजकूर लगेच पुसला जात नाही. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेने २०१६ मध्ये विदाकेंद्रे बंद करताना हे काम अननुभवी कंत्राटदाराकडे सोपवले. ग्राहकांची माहिती असलेल्या काही डिस्क पुढे विकल्या गेल्या आणि संस्थेला २०२० मध्ये सहा कोटी डॉलर दंड झाला.

चुंबकीय डिस्कवर नवा मजकूर लिहून जुना झाकता येतो. एसएसडीत मात्र काही पेशींपर्यंत हे लेखन पोहोचतच नाही; तेथे उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरतात, किंवा डिस्क आधीपासून कूटबद्ध असल्यास तिची किल्ली नष्ट करतात. बिघडल्यामुळे कोणतीच आज्ञा न ऐकणारी डिस्क तुकडे करूनच बाहेर जाऊ देतात.