नवी गाडी सदोष निघाली तर?

आपले अनेक तरुण कर्ज काढून रिक्षा, टेम्पो घेतात. गाडी महिनाभरात बिघडते, शोरूमवाले हात वर करतात. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी नशिबाला दोष देऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी गाडी घेणाराही ग्राहकच आहे. प्रत्येक दुरुस्तीचे जॉबकार्ड जपा, तक्रार लेखीच द्या. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. वकील सक्तीचा नाही. ५ लाखांपर्यंतच्या गाडीसाठी शुल्कही नाही. दोष सिद्ध झाल्यास आयोग दुरुस्ती, नवी गाडी, पैसे परत किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. राष्ट्रीय हेल्पलाइन: १९१५. बाबासाहेबांनी दाखवलेला सनदशीर मार्ग शोरूमच्या दारातही सोडायचा नाही. जय भीम!